तमारीची शोकसभा

नोटीस बोर्डावर कागद लावताना हयातरावांना एकच काळजी होती, की तो कोणी वाचणारच नाही. सव्वीस वर्षं ते त्या बिल्डिंगमध्ये राहत होते आणि त्या बोर्डाला चांगले ओळखून होते. टाकीची सफाई, लिफ्टची दुरुस्ती, हरवलेलं मांजर, आठवड्याने सापडलेलं मांजर, सगळं तिथे लागत असे, आणि जाता-येता लोक त्या काचेत फक्त आपला भांग नीट आहे का ते बघत असत. त्यामुळे आपल्या कागदात काहीतरी धक्का देणारं हवं, असं हयातरावांनी ठरवलं होतं. धक्का बसलाच. तो कोणाला आणि किती बसला, तेवढंच सांगायचं आहे.

हयातराव हे त्यांना ऑफिसने दिलेलं नाव. पेन्शन ऑफिसात ते हयातीच्या दाखल्यांच्या टेबलावर बसत. चौतीस वर्षं म्हातारी माणसं त्यांच्यासमोर येऊन आपण जिवंत असल्याचं सांगत होती, आणि हयातराव चष्म्यावरून बघून ते कितपत खरं आहे हे ठरवत होते. इतका अधिकार असलेल्या माणसाला बिल्डिंगमध्ये मात्र नावच नव्हतं. तिथे ते 'शिकवणीच्या बाईंचे मिस्टर' होते. बाई म्हणजे त्यांच्या पत्नी. त्या घरी गणित शिकवत, आणि बिल्डिंगमधली निम्मी मुलं त्यांच्या धाकाने पास झाली होती. बाई जिन्यातून उतरल्या की लोक बाजूला होत. हयातराव उतरले की लोकांना आपण कोणाला तरी ओलांडलं एवढंच जाणवे.

महिनाअखेरीला ते रिटायर होणार होते आणि दोघं मुलीच्या गावी राहायला जाणार होती. जाण्यापूर्वी बिल्डिंगने आपल्याला एकदा, अगदी एकदाच, आपल्या स्वतःच्या बळावर ओळखावं अशी त्यांची इच्छा होती. त्यांनी ती बाईंना सांगितली नाही. बाईंनी ती ओळखली आणि ओळखल्याचं सांगितलं नाही. त्यांच्या संसारात बरीचशी कामं अशीच होत.

आता हयातरावांजवळ दाखवण्यासारखं एकच होतं, 'तमारी' मासिकाचे अंक. एकोणीस वर्षं ते चित्रमासिक निघालं आणि मग बंद पडलं. हयातरावांकडे त्याचे दोनशे अठ्ठावीसच्या दोनशे अठ्ठावीस अंक होते, माळ्यावर, प्लास्टिकमध्ये, नंबरवार. तमारी हा त्यातला महावीर. काळा झगा, चेहऱ्यावर मुखवटा, कपाळावर पिवळी चकती, अंधारात बघायची आणि भिंतीपलीकडचं ऐकायची शक्ती. ज्यांनी वाचलं नाही ते त्याला पोरांचं मासिक म्हणत. ज्यांनी वाचलं त्यांना माहीत होतं की त्याच्या लेखकाला पोरांची कसलीही दयामाया नव्हती. नवव्या अंकात तमारीचा साथीदार पुलावरून पडतो, तमारी झेपावून त्याला धरतो, आपण सुटकेचा श्वास टाकून पान उलटतो, तर तमारीच्या हातात नुसता कोट. साथीदार पुढे कधीच दिसला नाही. कोटाचं काय झालं तेही कोणी सांगितलं नाही. एकसष्टाव्या अंकात सगळं शहर तमारीला दगड मारतं आणि त्या गर्दीत, तिसऱ्या रांगेत, त्याची आई असते.

आणि एकशे बारावा अंक. त्यात तमारी पहिल्यांदा मुखवटा काढतो. नऊ वर्षं वाचकांनी वाट पाहिलेली. अख्खं पान भरून चित्र, आणि मुखवट्याखाली काहीच नाही. केस आहेत, कान आहेत, मधे पांढरा कागद. चित्रकार चेहरा काढायला विसरला, असं काही म्हणाले. काही म्हणाले, त्याने काढला होता पण छापखान्यात उतरला नाही. विचित्र गोष्ट पुढेच आहे. पुढच्या महिन्यात वाचकांची पत्रं आली, आणि चेहरा नाही अशी तक्रार एकानेही केली नव्हती. एका न्हाव्याने लिहिलं होतं, हा माझा मेव्हणा आहे, तुम्हाला कुठे भेटला. एका बाईने विचारलं होतं की आमच्या वडिलांचं चित्र छापण्यापूर्वी परवानगी का घेतली नाही. हयातराव तेव्हा तरुण होते. ती पत्रं वाचून त्यांनी तो अंक दोन दिवस उशीखाली घेतला आणि तिसऱ्या दिवशी कपाटात, कुलपात ठेवला.

एकशे पन्नासाव्या अंकात तमारी मरतो. कोणी मारत नाही त्याला. शहर वाचवून तो एका बाकावर येऊन बसतो आणि बसल्या बसल्या जातो. आपण वाचलो हेच लोकांना माहीत नसतं, त्यामुळे लोक बाकासमोरून बाजारात जातात. त्यानंतर मासिक तसंच चालू राहिलं. साडेसहा वर्षं, अठ्ठ्याहत्तर अंक, तमारीशिवाय. रिकामे रस्ते, रिकामी गच्ची, रिकामा बाक, पानांमागून पानं. हयातरावांनी वर्गणी भरणं चालू ठेवलं होतं.

तर या अशा दहा धक्क्यांचं प्रदर्शन, रविवारी सकाळी अकरा वाजता, बिल्डिंगच्या हॉलमध्ये, असा बेत ठरला. बेत ठरल्यावर सल्ले येणारच. सेक्रेटरी म्हणाले, सोबत रक्तदाब तपासणी ठेवा, नुसत्या चित्रांना माणूस येत नाही. तळमजल्यावरचे डेंटिस्ट म्हणाले, दहा जास्त होतात, सहाच धक्के ठेवा. दुसऱ्या मजल्यावरच्या काकूंनी विचारलं, "धक्के म्हणजे विजेचे का हो?" आणि उत्तर ऐकायच्या आधीच, आपण नातीला आणणार नाही असं सांगून टाकलं. हयातरावांनी सगळं वहीत लिहून घेतलं. सल्ला देणारा निदान आपल्याकडे बघून बोलतो, याचंच त्यांना अप्रूप होतं.

नोटीस त्यांनी ऑफिसात, जेवणाच्या सुट्टीत केली, आणि तिथेच घोळ झाला. दुसऱ्या कोणाच्या हातून असा घोळ झाला नसता. प्रदर्शनाची जाहिरात करायची नाही, उत्सुकता निर्माण करायची, असं त्यांनी ठरवलं होतं. म्हणून लिहिलं, 'श्री. तमारी यांचे निधन झाल्याची खात्री करण्यात आली आहे. त्यांनी आपल्यासाठी काय केले हे फार थोड्यांना ठाऊक आहे. जाणून घेण्यासाठी रविवारी सकाळी अकरा वाजता हॉलमध्ये यावे.' वर मधोमध एकशे बाराव्या अंकातलं ते चित्र, झेरॉक्स करून. मजकूर स्वतःला आवडल्यामुळे ते तो पुन्हा वाचत असताना त्यांचा उजवा हात शिक्क्याकडे गेला. चौतीस वर्षांची सवय. कागद संपला की हात शिक्क्याकडे जातो आणि डोक्याला कळायच्या आत शिक्का उमटतो. 'पडताळणी केली. इसम मयत.' खाली गोल सरकारी मोहोर. हयातरावांनी पाहिलं, जीभ चावली, आणि मग त्यांना वाटलं की दिसतंय मात्र छान.

मंगळवारी कागद लागला. बुधवारी लोक बोर्डासमोर थांबू लागले. हयातराव पहिल्या मजल्याच्या कठड्यावरून बघत होते आणि त्यांचा ऊर भरून आला. लोक वाचत होते, एकमेकांकडे बघत होते, हळू बोलत होते. एका माणसाने तर चपला काढल्या. ते जरा जास्त झालं, असं हयातरावांना वाटलं, पण कलेची कदर कोण कशी करेल याचा नेम नाही.

गुरुवारी सेक्रेटरी जिन्यात भेटले. "मिस्टर, रविवारचा हॉल तुम्हाला मिळणार नाही. शोकसभा आहे."

"कोणाची?"

सेक्रेटरींनी त्यांच्याकडे दुखावल्या नजरेने पाहिलं. "तुम्ही बोर्ड वाचत नाही का?"

"अहो, तो कागद मीच लावलाय."

"तेच तर. तुम्ही पुढाकार घेतलात, कमिटीने तशी नोंद केली आहे."

"पण हा तमारी म्हणजे चित्रांतला आहे. तो कधी नव्हताच."

"असं म्हणू नका," सेक्रेटरी खालच्या आवाजात म्हणाले. "आपण सगळ्यांनीच त्यांच्याकडे दुर्लक्ष केलं. मला रात्रभर फोटो डोळ्यांसमोर येतोय. चेहरा अगदी ओळखीचा. किती वेळा जिन्यात समोर आले असतील, आणि मी कधी नीट बोललो नाही."

हयातरावांना खो-खो हसायला यायला हवं होतं. त्याऐवजी ते घाईने जिना उतरून बोर्डापाशी गेले. त्यांनी फोटो पाहिला. झेरॉक्सने त्या पांढऱ्या जागेत थोडे करडे डाग उमटवले होते. डागच होते ते. पण डाव्या बाजूचे दोन डाग चष्म्यासारखे दिसत होते. हयातरावांनी नजर काढून घेतली आणि कागद काढायला काचेचं दार उघडलं. दाराला नवीन कुलूप होतं.

कुलपाची किल्ली सेक्रेटरींकडे होती आणि सेक्रेटरींकडे नियम होता. सरकारी शिक्क्याचा कागद कमिटीला काढता येत नाही. काढायचा असेल तर संबंधित इसमाने समक्ष हजर राहून, दोन साक्षीदारांसह, आपण हयात असल्याचा दाखला सादर करावा. ही भाषा हयातरावांना ओळखीची वाटली, आणि ते साहजिकच होतं, कारण ती त्यांच्याच टेबलावर तयार झाली होती. अशा वेळीही मसुद्यात कुठे फट राहिलेली नाही हे बघून त्यांना जरा बरं वाटलं.

"पण हा इसम बिल्डिंगमध्ये राहतच नव्हता," त्यांनी शेवटचा मुद्दा काढला. "रजिस्टर बघा."

सेक्रेटरींनी रजिस्टर काढलं. एका वर्षी कमिटीच्या ऑफिसचं छत गळलं होतं तेव्हापासून त्याची पानं फुगलेली होती. पहिल्या मजल्याच्या पानावर बाईंचं नाव मालक म्हणून ठळक होतं. त्याखाली 'सोबत राहणारे' या रकान्यात पाण्याने शाई पसरून नुसता निळा डाग झाला होता.

"हे बघा," सेक्रेटरी म्हणाले. "इथेच राहत होते. बाईंच्या घरात."

"ती माझी ओळ आहे," हयातराव म्हणाले.

"तसं लिहिलेलं कुठे आहे?"

लिहिलेलं नव्हतं. हेच वाक्य हयातरावांनी स्वतः किती म्हाताऱ्यांना ऐकवलं होतं, आणि त्या म्हाताऱ्यांचा चेहरा अशा वेळी कसा होतो ते त्यांना ठाऊक होतं. आपला तसा होऊ नये म्हणून ते लगेच बाहेर पडले.

शुक्रवारी संध्याकाळी ऑफिसातून येताना गेटवर वॉचमनने त्यांना थांबवलं आणि वही पुढे केली. "कोणाकडे जायचंय?"

"अरे, मी..." हयातराव थबकले. मग त्यांनी जे सव्वीस वर्षं चालत आलं होतं तेच सांगितलं. "शिकवणीच्या बाईंकडे."

"सही करा. आणि लवकर निघा हं. सध्या त्यांच्याकडे फार लोक येतायत."

घराच्या दाराशी फुलं होती. दोन जुड्या, एक पांढरी, एक कसली तरी. आत काकू आणि आणखी तिघी जणी बाईंच्या भोवती बसल्या होत्या आणि काकूंनी बाईंचा हात धरला होता. शिकवणीची मुलं कोपऱ्यात गप्प बसून, कोणी न सांगता, गणितं सोडवत होती. हयातरावांना सगळ्यांत जास्त भीती त्या मुलांची वाटली. कोणी मान वर केली नाही. एकीने फक्त आपले पाय जवळ घेतले, वाऱ्याने पडदा हलला की घेतात तसे.

काकू आणि बाकीच्या गेल्यावर हयातराव म्हणाले, "अगं, तू त्यांना सांगितलं का नाहीस?"

"सांगत होते. तीनदा सांगितलं. त्या 'हो हो' म्हणतात आणि हात आणखी घट्ट धरतात." बाईंनी चष्मा काढून पुसला. त्या हिशेबाच्या बाई, कशाने गडबडणाऱ्या नव्हत्या, पण त्यांचा आवाज नेहमीपेक्षा हळू होता. "अहो, एक विचारू? त्या चित्रातल्या माणसाला पूर्वी चष्मा होता का?"

"त्याला चेहराच नाही."

"मला दिसला," बाई म्हणाल्या, आणि दिवा लावायला उठल्या.

रविवारी हॉल भरला. रक्तदाब तपासणीशिवाय भरला, हे हयातरावांच्या मनात आल्यावाचून राहिलं नाही. समोर टेबलावर तो फोटो मोठा करून ठेवला होता आणि आता ज्याला दिसायचं नव्हतं त्यालाही दिसत होता. हयातराव आणि बाई मागच्या रांगेत बसले. हयातरावांच्या मांडीवर दहा अंक होते, प्लास्टिकमध्ये. ते त्यांनी का आणले होते, त्यांनाच माहीत.

आधी काकू बोलल्या. "ज्या वर्षी पंप जळला, तेव्हा तीन दिवस पाणी नव्हतं. चौथ्या दिवशी सकाळी सहाला टाकीवर कोणीतरी चढलेलं मी खिडकीतून बघितलं. आठ वाजता पाणी आलं. मी कधी विचारलं नाही, कोण ते. आता कळलं." त्यांनी डोळे पुसले.

हयातरावांचा उजवा गुडघा ठणकला. उतरताना ते शिडीवरून घसरले होते आणि तेव्हापासून तो गुडघा थंडीत दुखे.

मग डेंटिस्ट बोलले. वडिलांना दवाखान्यात न्यायचं होतं, लिफ्ट बंद, आणि तेव्हा बिऱ्हाड चौथ्या मजल्यावर. स्ट्रेचर एका बाजूने आपण धरलं होतं. "दुसऱ्या बाजूने कोण होतं, हे त्या घाईत मी पाहिलंच नाही. वडील वाचले. नंतर थँक्यू म्हणायला वळलो तर कोणी नव्हतं." सेक्रेटरींनी सांगितलं की छत गळून कमिटीचे सगळे कागद भिजले, तेव्हा दुसऱ्या दिवशी कोणीतरी एकेक कागद इस्त्री करून, नंबर लावून टेबलावर ठेवला होता. तिसऱ्या मजल्यावरचा एक तरुण म्हणाला की गेटवरचा दिवा गेला की दुसऱ्या दिवशी आपोआप नवीन लागलेला असतो, लहानपणी त्याला वाटायचं दिवे असेच उगवतात.

एकामागून एक. हयातराव ऐकत होते. पंप त्यांचा होता, स्ट्रेचर त्यांचं, इस्त्री त्यांची, दिवे त्यांचे. सव्वीस वर्षांतलं एकही सुटलं नव्हतं. लोकांनी सगळं पाहिलं होतं, नीट जपून ठेवलं होतं, फक्त करणाऱ्याची जागा कोरी ठेवली होती. त्यांना अतिशय आनंद झाला आणि त्याच वेळी इतकी भीती वाटली की मांडीवरचे अंक खाली पडले. आत्ता बोललो नाही तर मग कायमचंच, हे त्यांना कळलं. ते उठले.

"तो पंप मी चालू केला होता," ते म्हणाले. आवाज घोगरा आला, म्हणून पुन्हा म्हणाले. "मी. तमारी नाही. स्ट्रेचरही मीच धरलं होतं. तुमच्या वडिलांची एक चप्पल दुसऱ्या मजल्यावर पडली होती, ती मी नंतर आणून दिली. मी इथे आहे."

हॉलमध्ये माणसं एकमेकांकडे बघू लागली. डेंटिस्टनी त्यांच्या दिशेने पाहिलं, पण नजर त्यांच्यावर थांबली नाही, मागच्या भिंतीवर गेली. "कोणीतरी दार लावा," ते म्हणाले. "बाहेरचा आवाज येतोय."

दार लावलं गेलं. तेव्हा बाई उठल्या.

शिकवणीत एखादं गणित अख्ख्या वर्गाचं चुकलं की बाई जशा उभ्या राहत, तशाच उभ्या राहिल्या. "ऐका," त्या म्हणाल्या, आणि सगळे ऐकू लागले. "आत्तापर्यंत जे जे सांगितलंत ते सगळं यांनी केलं आहे. हे माझे मिस्टर. हे इथे, माझ्या शेजारी उभे आहेत. नीट बघा." आणि त्यांनी हयातरावांच्या खांद्यावर हात ठेवून त्यांना खुर्चीवर बसवलं.

सगळ्यांनी पाहिलं. अगदी नीट पाहिलं. खुर्चीकडे, बाईंच्या हाताकडे, पुन्हा खुर्चीकडे. कोणी हसलं नाही, कोणी कुजबुजलं नाही. काकूंच्या डोळ्यांत इतकी माया होती की हयातरावांना ती सहन होईना.

"हो, बाई," सेक्रेटरी हळुवारपणे म्हणाले. "आम्हालाही तसंच वाटतंय. ते इथेच आहेत." मग ते सभेकडे वळले. "आपण दोन मिनिटं शांतता पाळू."

खुर्च्या सरकल्या आणि अख्खी बिल्डिंग उभी राहिली. पहिला मजला, दुसरा, तिसरा, चौथा, तळमजला, दाराशी टोपी काढलेला वॉचमन. हयातरावही सवयीने उठायला गेले. खांद्यावरचा हात खाली दाबला गेला.

"बसा तुम्ही," बाई ओठ न हलवता म्हणाल्या. "तुमच्यासाठी उभे आहेत ते."

हयातराव बसले. आजवर त्यांच्यासाठी कोणी खुर्चीवरून उठलं नव्हतं, आणि आता दीडशे माणसं माना खाली घालून, डोळे मिटून उभी होती, त्यांच्या पंपासाठी, त्यांच्या दिव्यांसाठी. त्यांनी मनगटावरच्या घड्याळात पाहिलं, कारण वेळ बघितल्याशिवाय त्यांना काही करता येत नसे. दोन मिनिटं झाली. कोणी बसलं नाही. तीन झाली, चार झाली. पंखा फिरत होता आणि एवढ्या माणसांत कोणाचा श्वासही ऐकू येत नव्हता. आता आपणच 'पुरे' म्हणावं, असं त्यांना वाटलं. आणखी थोडा वेळ चालू द्यावं, असंही वाटलं. त्यांनी मान वर करून बाईंकडे पाहिलं. बाई त्यांच्याचकडे बघत होत्या, डोळे भरलेले. मग इतरांसारखे बाईंनीही डोळे मिटून घेतले.